नेट कित्याक बंद आसा?

सकाळी साडेसात. चहाचा कप अजून हातात होता. शेजारच्या वयनी गडग्यापलीकडून हाक मारून विचारतात, "गो, तुमचा नेट कित्याक बंद आसा? चार दिवस झाले, झील नुसतो बोंबलता." झील म्हणजे त्यांचा मुलगा.

तुमचं नेट. म्हणजे माझं. माझ्या नावावर, माझ्या आधार कार्डावर घेतलेलं, दर महिन्याला माझ्या खात्यातून पैसे कापून घेणारं. आणि जाब कोणाला, तर मलाच! जणू मी टेलिफोन खात्यातली लाइनमन आणि दुरुस्तीला उशीर केलाय. बरं, मी तरी काय बोलले? "बघते हां वयनी." बघते म्हणे! त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त आलाय, म्हणून हे इथे ओकतेय.

झालं असं. माझ्याकडे मालवणातल्या, देवबागच्या बारा-पंधरा होमस्टेवाल्यांची आणि दोन काजूवाल्यांची हिशेबाची कामं आहेत. वीस तारीख म्हणजे जीएसटी भरायचा शेवटचा दिवस. चुकला की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती "तायनू, तुमच्यामुळे" म्हणून माझ्याच डोक्यावर. तर एकोणीसच्या रात्री पोर्टलवर गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. पाऊस नाही, लाईट आहे, फायबरच्या डब्यावर लाल दिवाही नाही. सगळं ठीक, फक्त नेट चालत नाही.

शेवटी वैतागून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, म्हणजे राउटरचा घरातला पत्ता, टाकला आणि घरभर वायफाय वाटणाऱ्या त्या डब्याच्या पोटात शिरले. आमच्या घरात नेट खाणारी तोंडं पाच. माझा फोन, लॅपटॉप, आईचा फोन, टीव्ही, प्रिंटर. यादीत किती? चौदा. त्यात आणखी एक टीव्ही. आणि एक कॅमेरा. कॅमेरा! शेजाऱ्यांनी गेल्या दिवाळीत बसवलाय तो, पडवीच्या खांबावर, तोंड आमच्या बेड्याकडे, म्हणजे फाटकाकडे. म्हणजे माझ्या घरी कोण येतं-जातं ते माझ्याच नेटवरून शेजारी बघतात.

मी त्याच रात्री पासवर्ड बदलला. आईला सकाळी सांगितलं, तर तिचं तोंड असं झालं की मी विहिरीवर काटे घातलेत. "शेजाऱ्याक नाय म्हणूचा? बरा दिसता ता?"

आता जुनी गोष्ट सांगते, कारण चार दिवस माझ्या डोक्यात तीच घोळतेय. १९९६ साल, मी आठवीत. अख्ख्या वाडीत फोन एकट्या आमच्याकडे. बाबा शाळामास्तर, त्यांनी खिडकीतल्या फळीवर तो ठेवलेला, म्हणजे कोणाचा आला तर खिडकीतूनच रिसीव्हर बाहेर देता यावा. आज राउटर त्याच फळीवर आहे, तिथली भोकं अजून बुजलेली नाहीत. वाडीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर आमचा नंबर, पुढे 'पी.पी.', म्हणजे फोन शेजाऱ्याचा, हाक मारून बोलावतील. शेजारी एक वही, तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल. फोन केला की नाव लिहायचं, महिनाअखेर पैसे द्यायचे. लोक लिहायचे. द्यायचे की नाही ते सोडा.

एकदा दोन महिन्यांचं बिल आलं २,१४० रुपये. बाबांनी वही दोनदा तपासली. मग मालवणच्या बाजारातून डायलच्या भोकात बसणारं पितळी कुलूप आणलं. पुढचं बिल तेवढंच.

कुलूप जागेवर, चावी कालनिर्णयाच्या मागे खिळ्याला, आणि मुंबईचे कॉल चालूच. कसे? तर शेजारचा दादा, तेव्हा विशीतला, डायलला हातच लावत नव्हता. रिसीव्हर ज्या खुंटीवर ठेवतात ती खुंटी बोटाने टिचकवायची. जितका आकडा तितक्या टिचक्या. मुंबईचा ०२२ म्हणजे शून्याला दहा, मग दोन, मग परत दोन. त्या फोनची डायल फिरताना आत तेवढंच करायची, एका आकड्याला तितक्या वेळा लाइन तोडायची. पोराने ते बरोबर ओळखलं. कुलूप डायलला, रस्ता खुंटीवरून.

कोणाला फोन करायचा ते पुढे सांगते.

आधी हे सांगा, आपण कोकणातली माणसं एरवी इतकी उदार असतो का हो? वीतभर बांध सरकला म्हणून ओरोसच्या कोर्टात तीन पिढ्या झिजवतो. सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव वर की आपलं, यावरून गणपतीत बोलणं बंद. हापूस लागला की बागेत राखण्याला गुरखा ठेवतो. शेजारच्या फणसाची फांदी आपल्या खळ्यात आली की फणस कोणाचा यावर पंच बसतात. आणि नेट मात्र सगळ्यांचं! त्याला पासवर्ड लावला की बाई मुंबईला राहून आलीय, तिला काय माणुसकी. हे मी वाण्याच्या दुकानात माझ्या कानांनी ऐकलं.

"जरासं वापरलं तर काय संपतं?" हा आणखी एक. संपतं. रात्री नऊला कोण मॅच बघतोय, कोण गेम उतरवतोय, आणि मी पोर्टलपुढे हात जोडून बसलेय. लाइन एकच आहे.

आणि नुसत्या स्पीडची गोष्ट नाही. २००८च्या जुलैत अहमदाबादला स्फोट झाले, त्याआधी जो धमकीचा ईमेल गेला तो कुठून गेला आठवतंय? नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून. त्याने काही केलं नव्हतं, कोणीतरी त्याचं नेट वापरून निघून गेलं. पोलीस मात्र पत्ता काढत त्याच्याच दारात. बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो कनेक्शनचा. आता माझ्या यादीत ते नऊ कोण होते? दोन तर मला अजून कळले नाहीत. आमच्या वाडीत कोणी काही वाईट करेल असं मला वाटत नाही. पण ज्याला मी ओळखत नाही त्याच्याबद्दल मी काय सांगणार?

होमस्टेवाल्यांनो, तुम्ही तर बोलूच नका. पाहुण्यांसाठी भिंतीवर पासवर्डचा कागद डकवता, आणि त्याच नेटवर तुमचा सीसीटीव्ही, तुमचा बिलांचा कॉम्प्युटर. पाहुणा सोलकढी पिऊन गेला तरी पासवर्ड त्याच्या फोनमध्ये राहतो.

मी काय केलं ते सांगते, ज्याला करायचं त्याने करा. राउटरचा स्वतःचा पासवर्ड कंपनीने दिलेला होता, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. म्हणजे कालनिर्णयामागची चावी. तो आधी बदलला, कारण नाहीतर आत शिरलेला कोणीही मलाच बाहेर काढू शकतो. मग वायफायचा. तो मोबाइल नंबर होता (हसू नका), आता मालवणीतले चार शब्द आहेत, एकमेकांशी काही संबंध नसलेले. त्यातला एक शिवी आहे. किमान आठ अक्षरं लागतातच, पण आठावर थांबू नका. सुरक्षेच्या खान्यात वायफायला कुलूप लावायच्या पद्धतींची यादी असते, त्यात डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवा. यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर हात लावू नका, ते २००१ सालीच फोडून झालंय.

आणि डब्ल्यूपीएस बंद करा. हे वाचताना मी खुर्चीत उठून बसले. राउटरवर एक बटण असतं, पासवर्ड न टाकता जोडायचं. त्याच सोयीत आठ आकडी पिनही असतो. आठ आकडे म्हणजे केवढं मोठं कुलूप वाटतं ना? पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, आधी चार आकडे बरोबर की चूक सांगतो, मग उरलेले. शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरूनच निघतो. म्हणजे कोट्यवधी नाहीत, फार तर ११,००० प्रयत्न. २०११च्या डिसेंबरात हे जगजाहीर झालं. तुम्ही वर पासवर्ड कितीही अवघड ठेवा, हा रस्ता त्याला विचारतच नाही.

खुंटीवरच्या टिचक्या हो! दुसरं काय?

पुण्याचा भाचा म्हणाला, मावशी, वायफायचं नाव लपव, कोणाला दिसणारच नाही. नाही रे बाबा. लपवलेलं नाव घरातलेच फोन हाका मारून शोधत बसतात, ज्याला ऐकायचं त्याला ऐकू येतं. राउटर खिडकीतून माजघरात न्यायचंही करून बघितलं. हे मात्र थोडं लागू पडलं. राउटर दोन प्रकारचं वायफाय सोडतो. जांभ्याच्या जाड भिंतीतून पाच गिगाहर्ट्झवालं ओटीच्या पुढे जात नाही. पण दोन पूर्णांक चारवालं कौलांखालच्या फटीतून निघतं आणि थेट शेजारच्या खळ्यात. शिवाय मग माझ्याच पडवीत रेंज येईना. परत फळीवर आणलं.

आता एक कबूल करते, नाहीतर वाडीतलं कोणीतरी खाली कमेंटमध्ये लिहीलच. पहिला पासवर्ड मीच दिला होता. २०२०ला, लॉकडाऊनमध्ये, शेजारची मुलगी दहावीत होती आणि टॉवरची रेंज शोधायला भर उन्हात सड्यावर जाऊन बसायची. मी बोलावून दिला. त्याचं मला काही नाही, आजही देईन. पण तिच्यावरून तिच्या भावाकडे, भावाकडून क्रिकेटच्या टीमकडे. मी मध्ये एकदा बदलला तर त्या भावाने आईला "आजी, फोन द्या, वायफाय लावून देतो" म्हणून फोन घेतला आणि त्यातला क्यूआरचा चौकोन स्वतःच्या फोनने टिपला. अक्षरही टाइप न करता. बापाचाच पोर.

आणि हो, २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या मागच्या पडवीवर माड पडला, तो कापायला पहाटे कोयता घेऊन आलेला पहिला माणूस तोच, शेजारचा दादा. कौलं उडाली तिथे स्वतःच्या होडीवरची ताडपत्री आणून बांधली. कित्येक दिवस लाईट नव्हती, माझा फोन त्याच्या बॅटरीवर चार्ज व्हायचा. मी त्याला विचारलं होतं का? हो, विचारलं होतं. पण मला माहीत आहे, न विचारता वायर लावली असती तरी तो काही बोलला नसता.

हे लिहिताना राग जरा उतरलाय, ते मला आवडत नाहीये.

बाबांचं राहिलं. दादाला त्यांनी एका रात्री खिडकीत रंगेहाथ पकडला. मी अंथरुणात डोळे मिटून जागी. आता कानफटात बसणार म्हणून वाट बघत होते. बाबा म्हणाले, "रात्री अकराच्या नंतर कर, पाव दरात पडता. आनी हुकाक टिचके मारू नको, मोडतलो तो." दुसऱ्या दिवशी कुलूप काढून टाकलं. वहीत दादाच्या नावापुढे सगळे कॉल लिहायला लावले मात्र, मागचेसुद्धा. पैसे त्याने लग्नानंतर दिले, दोन हप्त्यांत. तिसरा राहिला तो राहिलाच.

लग्न कोणाशी? लालबागच्या चाळीतल्या पी.पी. नंबरवर रात्री अकराला फोन घ्यायला जिना उतरून येणाऱ्या मुलीशी. म्हणजे सकाळी गडग्यावरून मला जाब विचारणाऱ्या वयनी. त्यांचा अख्खा संसार आमच्या बिलावर उभा राहिलाय आणि त्या मला विचारतात, नेट कित्याक बंद आसा!

चतुर्थी तोंडावर आलीय. आमचेच बावीस चाकरमानी येतील, पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी पासवर्ड मागतील. त्यामुळे मला पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करायचंच होतं, ते आज दुपारी केलं. राउटरमध्ये ती सोय असते, माझा लॅपटॉप-प्रिंटर वेगळा, हे वेगळं. स्पीडला लगाम घातलाय, आणि दर महिन्याच्या १८ ते २० ते बंद ठेवणार आहे. नाव ठेवलंय 'पी.पी.'. संध्याकाळी शेजारच्या मुलीला बोलावून पासवर्ड दिला आणि सांगितलं, फक्त तुला, अभ्यासाला, आणि तो कॅमेरा आधी आमच्या बेड्यावरून वळवायला सांग बाबांना.

आत्ता पोस्ट टाकायच्या आधी सहज यादी बघितली. 'पी.पी.'वर तीन जण आहेत. त्यातला एक टीव्ही आहे.