बहात्तर झोपांची गोधडी

धाकटा दुपारी झोपतो चाळीस मिनिटं. एकेचाळिसावं मिनिट मी अजून पाहिलेलं नाही. एवढ्या वेळात ओटा आवरायचा, मशीनमधले कपडे वाळत घालायचे, स्वतः जेवायचं आणि इतर बायकांनी हाताने केलेल्या सुंदर वस्तू मोबाइलवर बघून हळहळायचं, अशी चार कामं असतात. चौथं आधी होतं. बाकीची तीन संध्याकाळी नवऱ्याला दिसतात.

मोबाइलमधल्या त्या बायकांनाही मुलं असतात बरं का. दोन-दोन असतात. पण ती पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर बसून मणी रंगांप्रमाणे वेगळे करत असतात आणि आई शेजारी फुलदाणी घडवत असते. पाहून मीही मणी आणले. साठ रुपयांची पुडी. रंगांप्रमाणे ते काही लागले नाहीत, पण त्यातला एक धाकट्याच्या नाकात चपखल बसला. तो काढायचे डॉक्टरांनी पाचशे घेतले.

मला कलेचं अंग नाही असं कुणी समजू नये. लग्नाआधी मी जलरंगात बऱ्यापैकी चित्रं काढायचे. थोरली तीन वर्षांची झाल्यावर पुन्हा बसून पाहिलं. उजवीकडे रंगाचं पाणी, डावीकडे चहा, मांडीवर थोरली. ब्रश चहात गेला, इथवर ठीक. तो सगळ्याच चित्रकारांचा जात असेल. पण मग मी दुसरा पेला तोंडाला लावला. प्रशियन ब्लू. दुसऱ्या दिवशी शाळेत पालकसभा होती. मी तोंड न उघडता पार पाडली आणि 'फार समजूतदार पालक' अशी माझी ख्याती झाली.

नंतर क्रोशे. तीन आठवडे खपून टोपी विणत आणली. धाकट्याला तिचं टोक सापडलं. ते धरून तो हॉलमधून निघाला, बाथरूमला वळसा घालून स्वयंपाकघरातून परत आला, तेव्हा माझ्या हातात सुई होती आणि घरभर टोपी.

एवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण धाकट्याला दात येत होते आणि रात्री दोनला त्याला थोपटताना दुसऱ्या हातात मोबाइल होता. त्यात सोनिया डेलोने भेटली. 1911 साली पॅरिसमध्ये या चित्रकर्तीला मुलगा झाला. हिचं लहानपण रशियात गेलेलं. तिकडच्या शेतकरी बायकांसारखी तुकडे जोडून तिने बाळासाठी गोधडी शिवली. शिवून बघते तर काय, ते नुसतं पांघरूण राहिलं नव्हतं, अमूर्त चित्र झालं होतं. तिच्या कलेची वाटच तिथून बदलली. ती गोधडी आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. बाळाने तिच्यावर काही केलं होतं का, हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही. मी शोधलं.

तिथून पुढे सरकले तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं गीज बेंड गाव. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाचे फाटके कपडे जोडून शिवलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या होत्या. मी अंधारात उठून बसले. फाटके कपडे! शेजारी घोरणाऱ्या माणसाच्या कृपेने हे भांडवल माझ्याकडे तीन कप्पे भरून होतं.

सकाळी आजीला फोन लावला. आजी माण तालुक्यात राहते, वय ब्याऐंशी. तिच्याशी व्हिडिओ कॉल म्हणजे तिच्या कानाशी व्हिडिओ कॉल.

"आजी, मी गोधडी शिवणारेय."

"म्हंजी वाकळ?"

"हो."

"मग वाकळ म्हण की. गोधडी म्हटल्यानं टाकं कमी पडत्यात व्हय?"

मग कानाने मला धडे दिले. कापड सुती पाहिजे, वर-खाली लुगडं, आत जुनेरं. आधी लांब कच्चे टाके घालून सगळे थर धरायचे. मग धावदोरा. काठापासून सुरू करायचा आणि फिरत फिरत मधोमध यायचं. दोन ओळींत करंगळी मावेल एवढंच अंतर. आणि सर्वांत महत्त्वाचं, सुई मोजून घ्यायची, मोजून ठेवायची.

"तुझ्या आयनं बहात्तरच्या दुकाळात सुई घालवली. खडी फोडून आणल्याल्या पैशाची सुई. अशी बदडलीती तिला."

हा आमच्या घराण्यातला जुना खटला आहे. आई नऊ वर्षांची होती. आता बासष्टची आहे आणि अजूनही वर्षातून एकदा तरी म्हणते, "मी नव्हती हरवली. मी हातसुद्धा लावला नव्हता." आजी दर वेळी म्हणते, "मग काय म्हशीनं खाल्ली?"

आठवड्याभरात आजीने कुणाबरोबर तरी एक जुनी वाकळ पाठवली. "मधी घाल, ऊब ऱ्हाईल." ती आजोबांची. खोळ फाटली की वरून नवं लुगडं चढवायचं, अशा तिच्या पोटात किती पिढ्यांचे कपडे असतील देव जाणे. आजोबांचं आणि तिचं कधी पटलं नाही. रात्री टोचते म्हणायचे. ढेकूण झालेत म्हणून उन्हात टाकून काठीने बडवायचे. आजी म्हणायची, "वाकळ कशाला टोचंल? तुमच्याच अंगाला काटं हायती."

मी त्यातला मधला धड तुकडा कापून घेतला, चार फूट बाय तीन. वरच्या थरासाठी सासूबाईंनी स्वतःहून इरकल काढून दिलं. "जुनं आहे गं, घे." कात्री लावल्यावर म्हणाल्या, "तसं अगदीच काही जुनं नव्हतं." लांब दणकट सुई एकच होती, बोहरी आळीतून आणलेली. बोटात अंगुस्तान घातलं आणि एकदम मोठी कलावंत झाल्यासारखं वाटलं.

नवऱ्याला कलेतलं काही कळत नाही, पण एक्सेलमधलं सगळं कळतं. रात्री त्याने हिशेब मांडला. अठ्ठेचाळीस इंच गुणिले छत्तीस, दोन ओळींत अर्धा इंच, म्हणजे धावदोऱ्याची एकूण लांबी 288 फूट. इंचाला तीन टाके धरले तर 10,368 टाके. "तू एका झोपेत किती शिवतेस?" मी प्रामाणिकपणे चार फूट म्हणाले. त्याने एक कळ दाबली. बहात्तर झोपा. "ताप, पाहुणे आणि कुकरच्या शिट्ट्या धरलेल्या नाहीत," असंही त्याने खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं.

मी हॉलमध्ये पसारा मांडला. थोरली पाच वर्षांची, तिची नजर तेज, म्हणून सुईत दोरा ओवायचं काम तिच्याकडे दिलं. पहिल्या दिवशी तिने हौसेने ओवला. दुसऱ्या दिवशी एका ओवणीला एक बिस्कीट. आठवड्याने दर दोनवर गेला, कारण 'डोळे दुखतात'. धाकटा मात्र गोधडी बघताच तिच्या बरोब्बर मध्यावर जाऊन बसला. त्याला उचलून काठावर ठेवलं की तो पुन्हा मध्यात. शेवटी मी त्याच्याभोवतीच शिवायला लागले. तो शिवलेल्या ओळींच्या मधून गाड्या चालवायचा आणि वळणावर माझा हात आला की हॉर्न द्यायचा.

आणि इथे मला एक गोष्ट उमगली. धावदोरा रुसत नाही. जलरंग टाकून उठलात तर वाळून डाग पडतो, क्रोशे सोडून उठलात तर काय होतं ते वर सांगितलंच. धावदोऱ्यात मात्र सुई कापडात खुपसून "आले रे, आले" म्हणत धावा, शी धुवा, दूध उतू गेलेलं पुसा, दोघांतली मारामारी सोडवा, तासाने परत या. टाका होता तिथेच असतो. बंगालच्या कांथा, बिहारच्या सुजनी, आमच्या वाकळी, सगळीकडे हाच साधा टाका, आणि लोक म्हणतात तो गरिबीमुळे. असेल. पण मला खात्री आहे, ज्या बाईने तो पहिल्यांदा घातला तिला मागून कुणीतरी हाक मारत होतं.

आजीला मी विचारलं, पाच पोरं, दोन म्हशी, शेत, तुला एवढ्या वाकळी शिवायला वेळ कधी मिळायचा?

"येळ कुटला? प्वार मांडीवर पीत असलं की हात मोकळं ऱ्हायाचं."

सोफ्यावरच्या बायकांच्या व्हिडिओंमध्ये ही युक्ती कुणी सांगितलेली नाही.

तर बेचाळीस झोपा झाल्या होत्या. इरकलावर चौकोनात चौकोन उमटत मध्याकडे चालले होते, एका कोपऱ्यात नवऱ्याच्या जीन्सचा खिसा होता (गीज बेंड), दुसऱ्या कोपऱ्यात वरणाचा डाग होता (आमचा). रविवारची सकाळ. आई चार दिवस राहायला आलेली, म्हणून मी झोपेबाहेरचे चार टाके चोरून घालत होते. बेल वाजली. शेजाऱ्यांचं पार्सल. सही करून परत आले आणि बघते तर सुई नाही.

ज्या घरात दीड वर्षाचं मूल रांगत, पडत, दिसेल ते तोंडात घालत फिरतं, तिथे 'सुई कुठंय?' हे दोन शब्द म्हणजे काय, ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. आईने एका झेपेत दोन्ही पोरं उचलली आणि ती पलंगावर चढली. बासष्टाव्या वर्षी, गुडघ्यांसकट. थोरली वरून म्हणाली, "मी ओवून दिली होती. माझं काम झालं." मी धाकट्याचं तोंड उघडून बोट फिरवलं. सकाळच्या पोह्यांतला शेंगदाणा निघाला. नवरा टॉर्च घेऊन पालथा पडला आणि सोफ्याखालून दोन चमचे, एक मोजा आणि साठ रुपयांच्या पुडीतले अकरा मणी घेऊन बाहेर आला.

"लोहचुंबक!" आई पलंगावरून ओरडली.

फ्रिजवर महाबळेश्वरहून आणलेली प्लॅस्टिकची स्ट्रॉबेरी होती. ती उपटून मी गुडघ्यांवर बसून अख्ख्या हॉलमधून फिरवत निघाले. फरशी झाली, गालिचा झाला. मग गोधडी. काठ, खिसा, वरणाचा डाग. मध्याच्या जरा अलीकडे, जिथे अजून शिवण पोचली नव्हती, तिथे हाताला ओढ लागली. स्ट्रॉबेरी कापडाला घट्ट चिकटली.

"सापडली!" पलंगावर जल्लोष झाला. थोरलीने उडी मारायची तयारी केली. मी कच्चे टाके उसवले, इरकल उचललं, आजोबांच्या वाकळीचा एक थर फाडला, दुसरा फाडला. माझी सुई एवढी खोल कशी जाईल, हे मनात येत होतं, पण हात थांबेना. तिसऱ्या थरात ती होती. जाड, आखूड, काळपट तांबूस. भोवती कापडावर गंजाचा जुना डाग, सुईच्याच आकाराचा. नेढ्यात दोऱ्याचा मागमूस नाही.

माझी सुई चकचकीत होती आणि तिच्यात लाल दोरा होता.

"कुणी खाली उतरू नका," मी म्हणाले आणि आजीला फोन लावला. हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर टाकला.

"आजी, वाकळीत सुई सापडली."

"घावली न्हवं? झ्याक झालं."

"माझी नाही. तुझ्या वाकळीत. आतल्या थरात. गंजलेली आहे."

पलीकडे कान होता. कानामागे टीव्हीवरच्या मालिकेत कुणीतरी कुणाच्या तरी श्रीमुखात देत होतं. बराच वेळ तेवढंच ऐकू आलं.

"म्हंजी ह्यास्नी खरंच टोचत हुतं म्हण की," आजी म्हणाली. मग आवाज एकदम खाली आला. "हे बघ पोरी. तुझ्या आयला सांगू नगंस."

मी वर पाहिलं. आई पलंगाच्या मधोमध उभी होती, एका हाताने थोरलीचा दंड पकडून, पंख्याला डोकं लागू नये म्हणून जराशी वाकून.

"मी ऐकलंय," आई म्हणाली. मोठ्याने नाही. कारण तिच्या खांद्यावर धाकटा झोपला होता. त्रेचाळिसावी झोप सुरू झाली होती, आणि घरात सुई होती ती एकच, त्रेपन्न वर्षांची.