तीन पौंडांचं कालवण

आमच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन नाही, हे सगळ्याचं मूळ. खाली पार्किंगला लागून सामायिक लाँड्रीरूम आहे. कपडे वाळेपर्यंत पाऊण तास माणूस फोनमध्ये तरी किती तोंड खुपसून बसणार? बोलायला गेलो आणि फसलो. बिल्डिंगचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, जवळ आलं होतं. वरच्या मजल्यावरच्या चिनी आजी आणि समोरच्या दारातल्या मेक्सिकन सेन्योरा, दोघींना एकाच दमात खूश करायच्या नादात मी जाहीर केलं, की मी बीफ स्ट्यू आणणार. अर्धा चिनी, अर्धा मेक्सिकन.

दोघी हसल्या. ते हसू मला तेव्हा कौतुकाचं वाटलं.

आम्ही राहतो लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, अल्हाम्ब्रात. इथे एका पाटीवर चिनी अक्षरं, तर पुढच्या पाटीवर स्पॅनिश. या दोन जातींचं कालवण इथे कुणी केलंच नसेल असं मुळीच नाही. स्पेनची जहाजं १५६५ पासून १८१५ पर्यंत फिलिपिन्समधलं मनिला ते मेक्सिकोतलं आकापुल्को अशी ये-जा करत होती. चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी मेक्सिकोला, तिकडची चांदी मनिलाला. अडीचशे वर्षं दर्यावर्दी लोक जे करत होते, ते मी रविवारी दुपारी दोन शेगड्यांवर करणार होतो. त्यांचीही जहाजं बुडायचीच म्हणा.

आत्मविश्वास नडला. मी वसईचा, ख्रिस्ती घरातला. बीफ आमच्याकडे नवलाईचं नाही. २०१५ मध्ये कायदा बदलल्यापासून तिकडे ते म्हशीचंच असतं, एवढाच फरक. मे महिन्यात आमच्या अंगणात मिरच्या वाळायच्या, कांडणाऱ्या बायका यायच्या आणि पंचवीस-तीस जिन्नसांचा मसाला बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत काठीनं ठासून भरला जायचा. त्या बाटल्यांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला कालवणाची भीती कसली?

पहिली ठेच खाटकाकडे लागली. चिनी बाजारात मला पोटरीचं मांस हवं होतं, कारण त्यातले चिवट पडदे तीन तासांत विरघळून रश्शाला दाटपणा येतो. ‘पोटरी’ला चिनीत काय म्हणतात ते ठाऊक नाही, म्हणून मी पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि स्वतःच्या पोटरीवर थाप मारली. काउंटरवरच्या माणसानं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, आत गेला आणि डुकराचा पाय घेऊन आला. त्याचा माझ्या पोटरीबद्दल काय ग्रह झाला, हे मी घरी सांगितलेलं नाही. शेवटी मेक्सिकन दुकानात जाऊन ‘चांबारेते’ हा पाठ करून नेलेला शब्द एका श्वासात म्हटला आणि तीन पौंड मांस घेऊन आलो.

मग मिरच्या. ग्वाहियो म्हणजे लांब, गुळगुळीत, तांबडी. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो. काळपट, सुरकुतलेली, खजुरासारखी. दोन्ही कोरड्या तव्यावर जेमतेम भाजायच्या. जेमतेम म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी कांदा चिरायला वळलो, तेवढ्यात तव्यावरून निळसर धूर उठला. ठसका लागला, डोळ्यांतून धारा, आणि छतावरचा अलार्म ओरडायला लागला. आमचा अलार्म बोलका आहे. आधी इंग्रजीत ‘फायर’, मग स्पॅनिशमध्ये ‘फुएगो’. मी स्टुलावर चढून त्याला टॉवेलनं वारा घालत होतो. बायको ऑफिसच्या कॉलवर होती, ती कॅमेरा बंद करून खोकत होती.

फुएगो ऐकून सेन्योरा धावत आल्या. फुएगो न कळताही आजी खाली आल्या, सोबत त्यांचा अकरा वर्षांचा नातू. त्या दुपारचा दुभाषा तोच; मानधन एक कोक. सेन्योरांनी तवा पाहिला, मिरच्या हुंगल्या आणि काही न बोलता कचऱ्यात टाकल्या. नव्या त्यांनी स्वतः भाजल्या. मिरची फुगली, रंग किंचित बदलला, की उचलली. मोजून वीस सेकंद.

तोवर आजींनी मांस थंड पाण्यात घालून उकळायला ठेवलं. फेस आला, तसं ते सगळं पाणी सिंकमध्ये ओतून मांस धुऊन घेतलं. चिनी पद्धतच ती. उग्र वास जातो, रस्सा नितळ होतो. सेन्योरांनी छातीवर क्रूस केला. व्हिडिओ कॉलवर वसईहून आई बघत होती, चर्चमधली पहाटेची मिस्सा चुकवायला निमित्तच मिळालं होतं तिला.

“अरे, अख्खं सत्त्व मोरीत ओतलं की त्या बाईनं!”

“काय म्हणतात तुझ्या आई?” आजींनी नातवामार्फत विचारलं.

“छान धुतलंत म्हणतात.”

इथवर ठीक होतं. भाजलेल्या मिरच्यांचं वाटण, आलं, सोया सॉस, खडीसाखर, चक्रीफूल, दालचिनी आणि सिच्वानची ती आंबवलेली खारट लाल चटणी, सगळं पातेल्यात गेलं आणि वास असा सुटला, की तिघी क्षणभर गप्प. मग मी एक हुशारी केली. सिच्वानचे मिरे टाकले, आणि एक दाणा दाताखाली धरला. हे मिरे म्हणजे आपल्या तिरफळाचे सख्खे भाऊबंद, एकाच कुळातले. बांगड्याच्या कालवणात तिरफळाची साल घालतात, बी काढून. हे माहीत असूनही दाणा चावला. आधी जिभेच्या टोकाला मुंग्या, मग ओठ गायब, मग दातांच्या डॉक्टरकडून आल्यासारखं अर्धं तोंड झोपी गेलेलं. त्या तोंडानं मी रस्सा चाखला. मीठ अजिबात लागेना. घातलं. पुन्हा चाखला. पुन्हा घातलं.

जीभ परत आली तेव्हा पातेल्यात अरबी समुद्र होता.

आई म्हणाली, बटाटा घाल. बटाटे घातले. आजी वर जाऊन दोन पांढरे मुळे घेऊन आल्या, मनगटाएवढे जाड. सेन्योरांनी पोसोलेच्या, म्हणजे चुन्यात उकडून सोललेल्या मक्याच्या टपोऱ्या दाण्यांचा मोठा डबा उघडून ओतला. पाणी वाढलं, म्हणून वाटण वाढलं. वाटण वाढलं, म्हणून सोया वाढला. सोया वाढला, म्हणून परत मीठ वाढलं. पातेलं उतू जायला लागलं, तेव्हा आजींनी त्यांचं मोठं आणलं. तेही भरलं, तेव्हा सेन्योरांनी तमाले वाफवायचा हंडा आणला. तीन पौंड मांस त्या हंड्यात शोधून सापडेना.

पॉटलकला मात्र सगळ्यांनी वाढून घेतलं. मी लांबून दोघींचे चेहरे वाचत होतो. आजींनी दोन घास खाल्ले, मान डोलावली आणि नातवाच्या कानात काहीतरी सांगितलं. “आजी म्हणते, मेक्सिकन जेवण चांगलं असतं.” पलीकडच्या टेबलावर सेन्योरा आपल्या बहिणीला सांगत होत्या, की चिनी पदार्थ त्यांना सहसा जमत नाहीत, पण हा बरा आहे.

चार दिवस आम्ही तेच खाल्लं. पाचव्या दिवशी आजींचं पातेलं परत द्यायची वेळ आली. भांडं रिकामं देऊ नये, ही आईची शिकवण. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यात तेच कालवण भरून वर नेऊन दिलं. सेन्योरांच्या हंड्याचंही तेच.

काल संध्याकाळी दारावर टकटक झाली. नातू उभा होता, हातात झाकलेलं पातेलं. आजींनी पाठवलंय म्हणाला. झाकण उघडलं. रस्सा ओळखीचा होता. त्यात आता टोफू होता.