वयानुसार बीपी थोडं असायचंच? नाही हो, नाही

"वयानुसार थोडं बीपी असायचंच" असं कोणी म्हणालं ना की मला आता राहवत नाही, कारण हेच ऐकून ऐकून आमच्या बाबांनी चार महिने गोळी बंद ठेवली होती. बीपी १२८ आलं, नॉर्मल झालं, मग आता कशाला, असं त्यांनीच ठरवलं आणि घरात कोणाला पत्ताच नाही. ड्रॉवर आवरताना मला गोळ्यांच्या अख्ख्या स्ट्रिप्स सापडल्या, रबर लावून नीट ठेवलेल्या. लगेच मोजलं तर १७४/७२. अहो, नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच आलं होतं!

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची भिंत जाड झालेली दिसली. डॉक्टर म्हणाले हे चार महिन्यांचं काम नाही, वर्षानुवर्षं जास्त प्रेशरच्या विरुद्ध पंप करून करून स्नायू जाड होतो, मग ताठर होतो आणि मग दम लागायला लागतो.

तेव्हासुद्धा एक-दोघं म्हणालेच, खालचं तर ७२ आहे, चांगलंय की. पण वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो, दोघांतलं अंतर वाढणं हीच तर कडकपणाची खूण.

आणि वरचं बीपी "१०० अधिक वय" इतकं असलं तरी चालतं, हे गणित प्लीज डोक्यातून काढा. २००८ मध्ये हायव्हेट नावाचा अभ्यास आला, ८० च्या पुढचे ३८४५ लोक, त्यात बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) ६४ टक्क्यांनी कमी आणि मृत्यू २१ टक्क्यांनी कमी. ऐंशीच्या पुढे! म्हणजे "आता या वयात काय उपयोग" हेही खोटंच.

मीठ कमी, चालणं हे आहेच, ते सगळ्यांना माहितीये. जे कोणी सांगत नाही ते म्हणजे गुडघेदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच पेनकिलर्सनी बीपी वाढतं, आमच्याकडे तेही चालूच होतं आणि बीपीच्या डॉक्टरांना कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी मोजताना आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या लेव्हलला, मशीनचा पट्टा (कफ) शर्टाच्या बाहीवर नाही. मिनिटभराने परत एकदा. आणि वयस्कर माणसाचं उभं राहिल्यावरही मोजाच, एक ते तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर चक्कर येऊन पडायची भीती असते, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणालाच खिळतो. म्हणून प्रत्येकाचं टार्गेट एकच नसतं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

गेल्या रविवारी बाबांचं बसून १३६ आणि उभं राहून ११२ आलं. मी फोन केला, डॉक्टरांनी एका गोळीचा डोस निम्मा केला. बाबांनी लगेच विचारलं, मग बंदच करू का? डॉक्टर म्हणाले, नाही काका, निम्मा. तसं डायरीत लिहून घेतलंय त्यांनी, स्वतःच्या हातानं.