लवचीक कला-इमारत कोणत्याच कलेला न्याय देत नाही, हा दावा कुठे चुकतो

विद्यापीठांच्या नव्या इमारतींची चर्चा निघाली की एक मत हमखास पुढे केले जाते. संगीत, नाट्य, नृत्य आणि दृश्यकला एकाच लवचीक, म्हणजे गरजेप्रमाणे वापर बदलता येईल अशा, इमारतीत आणल्या तर त्यांतील एकीलाही न्याय मिळत नाही. आवाज रोखायचा तर इमारत बंदिस्त करून वातानुकूलन अखंड चालवावे लागते, त्यामुळे पर्यावरणपूरकतेला अर्थ उरत नाही. लवचीकतेसाठी सांगाडा जादा मजबूत करणे म्हणजे जादा सिमेंट आणि पोलाद. आणि एवढे करूनही सरकत्या भिंती कोणी सरकवत नाही. म्हणून प्रत्येक विभागाला स्वतंत्र, कायमची आखलेली वास्तू द्यावी, असा निष्कर्ष काढला जातो. यातील शेवटचे निरीक्षण बऱ्याच अंशी खरे आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

पहिला आक्षेप ध्वनीचा, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. आवाज थांबल्यावर त्याची पातळी 60 डेसिबलने उतरण्यास जो वेळ लागतो त्याला निनादकाळ म्हणतात. संवाद स्पष्ट ऐकू येण्यासाठी तो साधारण 1 सेकंद किंवा त्याहून कमी असावा लागतो, तर मोठ्या वाद्यवृंदाला सुमारे 2 सेकंद हवे असतात. या गरजा परस्परविरोधी आहेत, हे मान्य. परंतु निनादकाळ दालनाचे घनफळ आणि आतील पृष्ठभागांचे ध्वनिशोषण यांवर ठरतो, हे हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी 1890 च्या दशकात एका व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या आणून-नेऊन केलेल्या मोजमापांतून दाखवून दिले. यांपैकी घनफळ बदलणे अवघड, शोषण बदलणे सोपे. म्हणून दालन मुळातच संगीताला पुरेल इतके उंच बांधावे आणि नाटकाच्या किंवा व्याख्यानाच्या वेळी जाड पडदे उतरवून निनाद आवरावा. उलट दिशेने जाता येत नाही. बुटक्या दालनातले पडदे काढल्याने त्याला उंची मिळत नाही. बहुउद्देशीय दालने फसतात ती बहुधा याच ठिकाणी, कारण खर्च वाचवण्यासाठी पहिली कात्री उंचीला लागते. पडदे भिंतीला चिकटवून टांगले तर खालच्या स्वरांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे मागे पुरेशी पोकळी ठेवावी लागते, हेही आराखड्यातच ठरायला हवे. पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेतील 1978 सालचे प्रयोगदालन फिरती पॅनेल आणि वरखाली होणारे छत यांच्या साहाय्याने निनादकाळ अर्ध्या सेकंदापासून सुमारे 4 सेकंदांपर्यंत बदलू शकते. इतकी यंत्रणा बहुतेक विद्यापीठांना नको आहे. पण तत्त्व सिद्ध झालेले आहे.

लवचीक करता येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: दोन खोल्यांमधील ध्वनिरोध. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी ढोबळमानाने 6 डेसिबलच जादा अडतात, आणि दाराखालची फट तो लाभही घालवते. तालवाद्यांची खोली आणि गायनाची खोली यांच्यामध्ये सरकती भिंत घालणारा आराखडा म्हणूनच चुकीचा ठरतो. तेथे भांडारघर किंवा मार्गिका मध्ये घ्यावी, जाड कायम भिंत बांधावी आणि जमीन मूळ स्लॅबपासून रबरी आधारांवर सुटी करावी. काय बदलणार नाही हे आधी ठरवणे, हेच लवचीक इमारतीच्या अभियांत्रिकीचे पहिले काम आहे.

दुसरा आक्षेप वातानुकूलनाचा. मँचेस्टरच्या विद्यापीठ परिसरातील कॉन्टॅक्ट नाट्यगृह 1999 मध्ये नव्या रूपात उघडले. त्याच्या सभागृहात हवा खालून शिरते आणि माणसांच्या व दिव्यांच्या उष्णतेने वर चढून उंच धुराड्यांसारख्या मनोऱ्यांतून बाहेर पडते. वाटेतील ध्वनिशोषक अडथळे बाहेरचा गोंगाट रोखतात. दमट, उष्ण हवामानात एवढ्याने भागणार नाही, हे उघड आहे. परंतु यंत्रे लागली तरी ती सतत पूर्ण वेगाने चालवण्याचे कारण नसते: एकाच पंख्याचा वेग कमी करून हवेचा प्रवाह निम्मा केला, तर त्याला लागणारी वीज तत्त्वतः एक अष्टमांशावर येते. रुंद डक्टमधून संथ वाहणारी हवा आवाजही कमी करते, म्हणजे ध्वनी आणि ऊर्जा या दोन मागण्या येथे एकाच दिशेने जातात. रंगशाळेतील टर्पेंटाइनची वाफ किंवा भट्टीचा धूर जेथे निर्माण होतो तेथेच खेचून घेतला, तर सगळ्या मजल्याची हवा वारंवार बदलावी लागत नाही.

तिसरा आक्षेप सिमेंट-पोलादाचा असून तो गांभीर्याने घ्यायला हवा, कारण जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे 7 ते 8 टक्के सिमेंट उत्पादनातून होते. मात्र प्रत्येक मजला सर्वांत जड वापरासाठी बांधावा, असे लवचीकतेत कोठेही अभिप्रेत नाही. वर्गखोलीसाठी प्रति चौरस मीटर 3 किलोन्यूटन (सुमारे 300 किलो वजनाइतका) भार धरतात, नृत्यासाठी 5. शिवाय तालात पडणाऱ्या पावलांनी मजला थरथरू नये म्हणून तो पुरेसा ताठरही असावा लागतो. त्यामुळे नृत्य आणि शिल्पकाम शक्यतो तळमजल्यावर घ्यावे आणि वरचे मजले हलके ठेवावेत. लवचीकतेला जड सांगाडा लागतोच असेही नाही. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाची क्रमांक 20 ची इमारत 1943 मध्ये युद्धकाळापुरती लाकडात उभारली होती. ती 1998 पर्यंत वापरात राहिली, कारण संशोधक तिच्या भिंती बिनदिक्कत फोडू शकत होते आणि तारा-नळांच्या वाहिन्या उघड्यावर असल्याने त्यांपर्यंत सहज पोहोचता येत होते.

राहिला सरकत्या भिंतींचा मुद्दा. त्या महाग असतात, आवाज नीट अडवत नाहीत आणि काही वर्षांत एका जागी अडकतात, हे खरेच आहे. पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्रात 1977 मध्ये खांबविरहित मोकळे मजले देण्यात आले. 1985 मध्ये वास्तुरचनाकार गाए औलेंती यांनी तेथील संग्रहालयाच्या मजल्यावर पुन्हा ठोस भिंतींची दालने आखली. पण यातून लवचीकतेचा एक प्रकार बाद होतो, लवचीकता नव्हे. चांगल्या उंचीच्या, साध्या आयताकृती खोल्या, छताखाली दिवे टांगायला लोखंडी नळ्यांची जाळी, सर्व बाजूंना वीज व डेटाच्या जोडण्या, नेपथ्य आत नेता येईल इतके मोठे दार आणि जवळच सामान ठेवण्याची जागा एवढे असेल, तर सकाळी नृत्याचा वर्ग, दुपारी तालीम आणि संध्याकाळी प्रदर्शन एकाच खोलीत होऊ शकते. स्वतंत्र वास्तूंच्या पर्यायात हेच तीन उपक्रम तीन छतांखाली होतील, आणि दिवसाचा बराचसा वेळ त्यांतील दोन रिकाम्या असतील.