मजुरी कोणाच्या नावावर?

हल्ली गावाकडे, बीड जिल्ह्यात, फोन केला की एक तक्रार हमखास ऐकू येते : लाडकी बहीण सुरू झाली आणि बाया कामाला मिळेनात. महिन्याला १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यावर कोणती बाई घरी बसते, असं काकांना विचारलं की ते पावसाची गोष्ट काढतात.

सरकारी आकडे, योजना सुरू होण्याआधीचे का होईना, उलट बायका कामात वाढत चालल्याचं सांगतात. नियतकालिक श्रमबल पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमबलातला, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांतला, सहभाग देशात २०१७-१८ ला २३.३ टक्के होता, २०२३-२४ ला तो ४१.७ वर गेला. यावर टीव्हीवर दोन तट पडतात. एक टाळ्या वाजवतो. दुसरा म्हणतो, यातल्या कितीतरी जणी घरच्याच शेतात नाहीतर दुकानात बिनपगारी राबतात, त्याला रोजगार कसं म्हणायचं? मला दुसऱ्यांचं पटतं. पण तेही मोजणीपाशीच थांबतात. काम करून आलेला पैसा कोणाच्या नावावर पडतो, हे कोणीच विचारत नाही.

मी नेदरलँड्सला राहते. इथे नोकरी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त अर्धवेळ काम करतात. कोणी आठवड्याचे तीन दिवस, कोणी रोज शाळा सुटेपर्यंत. आपल्याकडची कोणतीही शेतमजूर बाई यांच्या दुप्पट-तिप्पट राबते. पण इथे सुपरमार्केटच्या गल्ल्यावर फक्त शनिवारी बसणाऱ्या मुलीचाही करार तिच्या नावाचा असतो. पगाराची चिठ्ठी तिच्या नावाने निघते, किमान वेतन तासावर ठरलेलं असतं आणि वर्षाच्या कमाईवर किमान आठ टक्के सुट्टीभत्ता मिळतो, बहुतेक ठिकाणी मे महिन्यात. म्हणून हा देश बायकांचा स्वर्ग आहे असं नाही. मूल झालं की तास कमी करते ती बहुधा आईच, आणि म्हातारपणी तिचीच पेन्शन तुटपुंजी निघते. १९५७ उजाडेपर्यंत तर इथल्या लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करारावर सही करता येत नव्हती. ते कायद्याने मोडावं लागलं, आपोआप सुधारलं नाही.

आता आमच्याकडे बघा. खुरपणीचा रोज बाईच्या हातात पडतो. कापूस वेचला की किलोवर हिशेब, तोही तिच्याच हातात. आशाताई, अंगणवाडीताई यांना मिळतं ते मानधन. पगार म्हणायला सरकार तयार नाही, पण निदान खातं त्यांचं असतं. मात्र दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून जे लोंढे साखर कारखान्यांकडे निघतात, तिथे बाई हिशेबातून गायबच होते. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, ठरते कोयत्यावर. ती घेतो नवरा, देतो मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा ठेकेदार. मजुरी मिळते टनावर. पहाटे अंधारात फडात जायचं. बहुधा तो तोडतो, ती वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) काढते, मोळी बांधते, आणि ट्रक आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढते. ट्रक रात्री आला तर रात्री. त्याआधी नि नंतर खोपीवर चूल, पाणी, लेकरं आहेतच. तिच्या हातात रोकड पडलीच तर वाढं विकून आलेली. मजुरीचा हिशेब हंगाम संपल्यावर मुकादम आणि नवरा बसून करतात. खाडा झाला तर कापून घेतात, मग तो पाळीमुळे असो नाहीतर तापामुळे. याच भीतीपायी कित्येकींनी गर्भाशयं काढून टाकली. २०१९ मध्ये त्यावर ओरड झाली, सरकारने समिती नेमली, वर्तमानपत्रं भरून गेली. हिशेबाची पद्धत तीच राहिली.

विधवा किंवा टाकलेली बाई एकटी गेली तर ती अर्धा कोयता. एकटी असली की तिच्या कामाचा भाव ठरवता येतो, जोडीत असली की येत नाही. याचं नवल कोणाला वाटत नाही, याचंच मला नवल वाटतं.

म्हणूनच लाडकी बहिणीला मी सरसकट नावं ठेवत नाही. मतांसाठी काढलेली योजना आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या निमित्ताने आमच्या तांड्या-वस्त्यांवरच्या बायकांची खाती उघडली, आधारला जोडली गेली, पैसे आले का बघायला त्या स्वतः बँकेत जाऊ लागल्या. मग तोडणीची मजुरी नवरा-बायकोत निम्मी-निम्मी करून दोन खात्यांत टाकायला कारखान्यांना काय अडचण आहे? बायकांची खाती नाहीत, हे कारण आता चालायचं नाही.

खरी अडचण उचलीची आहे. पैसे आधीच घेतलेले आणि लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यांत खर्च झालेले असतात. मजुरी निम्मी तिच्या नावावर केली, तर मुकादम उचलीच्या कागदावरही तिचा अंगठा मागणार, आणि हंगामात न फिटलेली बाकी पुढच्या वर्षी तिच्याही डोक्यावर बसणार. तेव्हा आधी उचलीला मर्यादा घालायची आणि ती कारखान्याने थेट द्यायची. मुकादमांना हे मानवणार नाही. काकांनाही नाही, कारण त्यांच्या दोन मेहुण्यांचा धंदा मुकादमकीचाच आहे.