वडिलांच्या शेतीवर ‘वारसा कर’ नाही

रावेर-यावलपासून शिंदखेड्यापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय: वडील वारले की वावर नावावर करायला पोरांना वारसा कर भरावा लागेल, म्हणून आताच बक्षीसपत्र करून वावर त्यांना देऊन टाका. हे साफ खोटं आहे. १९५३ च्या कायद्याने असा कर आपल्याकडे आला होता, तो १९८५ मध्ये रद्द झाला. मेसेजसोबत फिरणारा ट्रॅक्टर मोर्चाचा व्हिडिओ लंडनचा. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ मध्ये शेतीची वारसा करातली सवलत कमी करायचं जाहीर केलं, त्याविरुद्ध तिथले शेतकरी उतरले होते.

आपल्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं जोडून तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, पडतो, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात आणि सातबाऱ्यावर नावं लागतात. बहिणींचीही, कृपा करून ती गाळू नका. यात कर कुठेच नाही. घाबरून बक्षीसपत्र केलंत, तर मात्र म्हातारपणी मालकी हातातून जाते.

पुढे जमीन विकली तरच कराचा प्रश्न येतो, तोही महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या किंवा लगतच्या जमिनीपुरता. खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही.