फाळक्याच्या शॉकअपला ड्रिल लावू नका

गेल्या रविवारी कळमेश्वरला धाकट्या भावाकडे गेलो, तर तो अंगणात व्हाइससमोर उभा. व्हाइसमध्ये भंगारातून आणलेला कुठल्याशा छोट्या कारच्या डिकीचा शॉकअप (डिकी उघडी धरणारी गॅसची नळी) आवळलेला, हातात ड्रिल मशीन आणि बिट नळीच्या मधोमध टेकवलेला. दोन फुटांवर त्याची सहा वर्षांची मुलगी बसून पाहत होती. मी धावत जाऊन आधी प्लग ओढला.

"काऊन दादा? व्हिडिओत तर असंच करून राहिले ना," तो म्हणाला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

तो व्हिडिओ आणि त्याखालचा लांबलचक मेसेज महिनाभर आमच्याकडच्या माल वाहणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा नेणाऱ्या दोघांनी मलाही तो पाठवला होता, तेव्हा मी न पाहता सोडून दिला. ती माझी चूक. फाळका म्हणजे पिकअपच्या मागचं, खाली उघडणारं दार. मेसेज थोडक्यात असा: 'जुन्या पिकअपचा फाळका एका बोटाने उघडा आणि लावा, खर्च फक्त ३०० रुपये. कुठल्याही कारच्या डिकीचा जुना शॉकअप चालतो. ताकद गेली असेल तर छिद्र पाडून तेल भरा आणि बोल्ट वेल्ड करा, किंवा गॅस टॉर्चने गरम करा. शॉकअप फाळक्याच्या जितक्या वरच्या टोकाला लावाल तितका जोर जास्त. उलटा-सुलटा कसाही बसवा. मग साखळ्या काढून टाका. उघड्या फाळक्यावर लांब माल बिनधास्त ठेवा. आरटीओची काही अडचण नाही.'

भावाने हे हौसेखातर केलं नाही. आमची पिकअप २००७ ची. फाळका जाड पत्र्याचा, दोन्ही बाजूंना साखळ्या, कडी निघाली की धाडकन खाली येतो. मागच्या आंबिया बहारात, संत्र्याच्या हंगामात, क्रेट उतरवताना बाबांची करंगळी त्यात सापडली. नख गेलं आणि बोट अजून पूर्ण मिटत नाही. तेव्हा फाळक्याला आवर घालायला हवा, हे मेसेजवाल्याचं म्हणणं मलाही मान्य आहे. परदेशात पिकअपसाठी असे तयार सेट मिळतात आणि आपल्या जुन्या गाडीला तसंच काही जुळवून घेता येतं. पण मेसेजमध्ये जे सांगितलंय ते ते नव्हे.

आधी ड्रिलचं. बाकी सगळं चुकलं तर फाळका बिघडेल, इथे चुकलं तर डोळा जाईल.

डिकीचा शॉकअप म्हणजे बंद नळी, तिच्यात दाबून भरलेला नायट्रोजन आणि थोडं तेल. दाब किती, हे शोधायला पुस्तक लागत नाही. भावाच्या शॉकअपवर '४५० एन' छापलेलं होतं. म्हणजे दांडी बाहेर ढकलण्याचा जोर ४५० न्यूटन, साधारण ४६ किलो. हा गॅस पिस्टनच्या दोन्ही बाजूंना असतो, त्यामुळे बाहेर ढकलणारा जोर फक्त दांडीच्या जाडीवर मिळतो. दांडी ८ मिलिमीटरची, तिचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर. ४५० ला ५० ने भागा, दर चौरस मिलिमीटरला ९ न्यूटन, म्हणजे नळीतला दाब निघतो ९० बार. कारच्या टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो. म्हणजे टायरच्या चाळीसपट दाब असलेली नळी माझा भाऊ पोटाच्या उंचीवर धरून भोसकणार होता.

मेसेज म्हणतो, 'ताकद गेलेल्या शॉकअपमध्ये गॅस उरत नाही, घाबरू नका.' हे साफ खोटं आहे आणि याच वाक्यामुळे माणसं फसतात. डिकी अर्ध्यावर रेंगाळते तेव्हा तिसरा हिस्सा दाब गेलेला असू शकतो. ९० मधले ३० गेले तरी ६० बार उरतात. बिट आरपार गेला की त्या छिद्रातून गॅस, तेल आणि लोखंडाचा कीस एकदम बाहेर येतो, तोही सरळ मशीन धरणाऱ्याच्या तोंडाकडे.

शॉकअप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी जर्मनीतल्या कोब्लेन्झची स्टॅबिलस घ्या. तिच्या सूचनांमध्ये उघडू नका, गरम करू नका आणि उणे ३० ते ८० अंश सेल्सिअसमध्येच वापरा, असं लिहिलेलं आहे. आणि कंपनीचा कागद कशाला, भावाच्या शॉकअपवरच्या स्टिकरवर हीच ताकीद होती: उघडू नका, उच्च दाब. ड्रिलचा बिट त्या अक्षरांपासून चार बोटांवर टेकलेला होता. मेसेज लिहिणाऱ्याच्या हातातल्या शॉकअपवरही ती असणार. व्हिडिओत स्टिकर खरवडून काढलेलं दिसतं.

एक गोष्ट कबूल करतो. शॉकअपला छिद्र पाडतात, हे खरं आहे. भंगारात काढताना, आडोसा आणि चष्मा लावून, कंपनीने सांगितलेल्या ठरावीक जागी, गॅस सोडून देण्यासाठी. तो शॉकअप मारायचा विधी आहे, जगवायचा नाही. छिद्र पाडून त्यात तेल भरलं तर काय होईल तेही सांगतो. तेल दाबलं जात नाही. नळी तेलाने भरली की दांडीला आत शिरायला जागाच उरत नाही आणि शॉकअप सळईसारखा ताठ होतो. जोर गॅसचा असतो, तो तर तुम्ही आधीच उडवून दिलेला असतो.

टॉर्चचंही असंच अर्धं खरं. गॅस तापला की दाब वाढतो, म्हणून गरम शॉकअप थोडा वेळ तरतरीत वाटतो. थंड झाला की पुन्हा जैसे थे, आणि दांडीभोवतीचं रबरी सील मात्र कायमचं गेलेलं. तापमानाचा हिशोब सोपा आहे: दर १० अंशांना जोर साधारण साडेतीन टक्के बदलतो. आपल्या नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. नवतपात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा ६० अंशांपर्यंत तापला, तर २० अंशांच्या हिशोबाने छापलेला जोर १३-१४ टक्क्यांनी आपोआप वाढतो. आपल्याकडे शॉकअपला आणखी तापवायची गरज कुणालाही नाही.

आता मेसेजचा मूळ दावा: डिकीचा शॉकअप फाळका वर उचलून देईल. हा दावा मोडायला एक सुतळी पुरते. फाळका लावलेला असताना बाजूच्या पत्र्यावरच्या साखळीच्या खुंटीपासून फाळक्यावरच्या एखाद्या जागेपर्यंत सुतळी बांधा. आता फाळका उघडा. सुतळी ताणली जाईल किंवा तुटेल. म्हणजे फाळका खाली जाताना या दोन जागांमधलं अंतर वाढतं. तुमची साखळीही लावलेल्या फाळक्यावर लोंबते आणि उघडल्यावर ताठ होते, ती याचमुळे. शॉकअप सतत लांब व्हायला बघतो. जे अंतर उघडताना वाढतं, तिथे बसवलेला शॉकअप फाळक्याला उघडायलाच ढकलणार, लावायला नाही. कारची डिकी वरच्या बाजूला बिजागरीवर असते आणि वर उघडते, तिथे हा ढकलणारा हात उपयोगी पडतो. पिकअपची बिजागरी खाली असते. गाडी वेगळी आहे एवढाच फरक नाही, दिशाच उलटी आहे.

आमच्या गाडीवर मोजून पाहिलं. खुंटी बिजागरीच्या वर ४० सेंटीमीटर, फाळक्यावरची जागा बिजागरीपासून १० सेंटीमीटर. ४५० न्यूटनचा शॉकअप इथे लावला तर पूर्ण उघडलेला फाळका उचलताना वरच्या कडेला हाताला सुमारे १० किलो जास्त जोर लावावा लागेल. दोन लावले तर २० किलो. एका बोटाने लावायचा फाळका बाबांनी दोन हातांनीही लावला नसता. आणि उघडताना कडी निघाली की तो आत्ता येतो त्याहून जोरात अंगावर आला असता.

मग तयार सेट काय करतात? ते उचलत नाहीत, आवरतात. शॉकअपमधलं तेल पिस्टनच्या बारीक छिद्रातून सावकाश जातं, म्हणून दांडी एकदम सुटत नाही. फाळक्याला हा आवरच हवा असतो. त्यासाठी गॅसचा जोर नसलेला किंवा अगदी नावापुरता असलेला डॅम्पर, म्हणजे हालचाल मंद करणारी नळी, शोधायचा, डिकीचा तगडा शॉकअप नाही.

'वरच्या टोकाला लावा' हा सल्लाही सुतळीपुढे टिकत नाही. आमच्या १० सेंटीमीटरच्या जागेवर बंद फाळक्याचं अंतर ३० आणि उघड्याचं ४१ येतं. ११ सेंटीमीटरची हालचाल, तेवढा डॅम्पर मिळतो. तीच जागा बिजागरीपासून ३० सेंटीमीटर वर नेली तर बंद अंतर १० आणि उघडं ५०. मिटल्यावर १० आणि ताणल्यावर ५० असा शॉकअप जगात बनत नाही, कारण दांडी नळीत मावायची तर ताणलेली लांबी मिटलेल्या लांबीच्या दुप्पटही होऊ शकत नाही. व्हिडिओत शॉकअप वर लावलेला दिसतो खरा, पण फाळका पूर्ण उघडलेला एकदाही दाखवलेला नाही.

उलटा-सुलटा चालत नाही. साध्या गॅस शॉकअपची दांडी खाली हवी, म्हणजे तेल सीलजवळ राहतं, सील सुकत नाही आणि शेवटच्या टप्प्यात धक्काही तेल खातं. एकच बाजू पुरते, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर दाखवलंय. बहुतेक तयार सेटमध्येही एकच असतो.

साखळ्या काढून टाकायचा सल्ला मला ड्रिलखालोखाल भयानक वाटतो. उघड्या फाळक्यावर दोन हमाल उभे राहून क्रेट घेतात. त्यांचं वजन साखळ्यांनी झेलायचं असतं. शॉकअप टोकाला एका छोट्या गोळीवर अडकवलेला असतो, कित्येकदा प्लास्टिकच्या वाटीने. माणसं तोलायला तो बनलेलाच नाही. शॉकअप पूर्ण ताणला जाण्याआधी साखळी ताठ झाली पाहिजे, चार-पाच मिलिमीटर आधी. साखळी लांब पडत असेल तर तिचा एक दुवा कमी करा.

उघड्या फाळक्यावर लांब माल? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये १अ हे पोटकलम आलं. माल गाडीच्या बाहेर मागे, पुढे किंवा बाजूला निघाला तर २०,००० रुपये दंड. तीनशे रुपयांच्या शॉकअपवर हा सल्ला फुकट मिळतोय. नुसत्या डॅम्परमुळे आरसी बुकातली लांबी-रुंदी बदलत नाही, तेवढं मेसेजवाल्याचं ठीक, पण त्याने त्याआडून भलतीच परवानगी देऊन टाकली.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो, कारण 'मग तू करून दाखव' असं भाऊ म्हणालाच. हिंगणा रोडवरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ५ मिलिमीटर जाडीच्या, एल आकाराच्या दोन पट्ट्या बनवून घेतल्या. बाजूचा पत्रा गंजून पातळ झालेला, म्हणून आतून आणखी एक पट्टी देऊन बोल्ट आवळले. नुसत्या पत्र्यावर लावलं असतं तर पहिल्याच हंगामात पत्रा फाटला असता. सगळं वेल्डिंग डॅम्पर गाडीवर चढवायच्या आधी उरकलं. डॅम्पर नवा घेतला, उजव्या बाजूला एकच. दोन्ही साखळ्या जागेवर, उजवीचा एक दुवा कापला. खर्च तीनशेच्या बराच वर गेला, हे खरं.

कडी काढल्यावर फाळका आता खाली यायला तीन-चार सेकंद घेतो. बाबा अजून हात झटकन मागे घेतात.

ड्रिल टेकवलेला शॉकअप मी घरी आणलाय. त्याच्या स्टिकरचा फोटो भावाने स्वतः त्याच ग्रुपवर टाकला, खाली एकच ओळ: 'राजेहो, हे वाचा आधी, मग मशीन लावा.' ज्यांच्याकडे तो व्हिडिओ आलाय त्यांनी निदान हा फोटो तरी पुढे पाठवा.